गळ्यातला क्रूस आणि टेकडीचा अर्ज

तुझा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा: तू सावंतवाडीकडची, म्हापशाला राहून बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला शिकतेस. कॉलेजजवळच्या गावात टेकडी कापायला सुरुवात झाली आहे आणि त्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या मुलांच्या गटात तू आहेस. शिवाय विद्यार्थी मंडळाच्या निवडणुकीला उभं राहायचं मनात आहे. मैत्रीण म्हणते, "धर्म घरी ठेव, इथे आणू नकोस." चर्चच्या युवासंघातले म्हणतात, "ख्रिस्ती म्हणून बोलायला लाजतेस का?" आणि शेवटी तू विचारलंस, प्रचाराच्या दिवसांत गळ्यातला क्रूस काढून ठेवू की राहू दे?

मी वेंगुर्ल्याची. गोव्यातल्या एका कॉलेजात सव्वीस वर्षं मराठी शिकवलं, त्यातली नऊ वर्षं राष्ट्रीय सेवा योजनेचं काम पाहिलं आणि ख्रिस्ती विद्यार्थ्यांचा एक छोटा गट चालवला. माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची आहेस म्हणून एकेरीत लिहिते, राग मानू नकोस.

तुझी मैत्रीण आणि तुझा युवासंघ भांडत असले तरी दोघांनी धर्म म्हणजे झेंडाच धरला आहे. एकीला तो घडी करून कपाटात हवा, दुसऱ्यांना काठीला लावून हवा. तू मात्र झेंड्याबद्दल विचारतच नाहीस असं मला वाटतं. तुला ती टेकडी कापलेली बघवत नाही, आणि ते न बघवणं कुठेतरी घरच्या रोझरीशी, लहानपणापासून ऐकलेल्या शुभवर्तमानाशी जोडलेलं आहे. आता बोलायला उभी राहिलीस की ते कुणाच्या नावाने बोलायचं, इथे तू अडलीस. घरी की बाहेर हा वाद त्यानंतरचा.

मत्तयाच्या शुभवर्तमानात डोंगरावरचं प्रवचन आहे. त्यात आधी येशू सांगतो की दिवा मापाखाली ठेवू नका, लोकांना तुमची कामं दिसू देत. आणि पुढच्याच अध्यायात सांगतो की प्रार्थना करायची तर खोलीत जा, दार लाव. तरुणपणी मला हा सरळ विरोध वाटायचा. मग लक्षात आलं, पहिलं कामाबद्दल आहे आणि दुसरं भक्तीबद्दल. आपण बहुधा उलटं करतो. भक्तीला लाउडस्पीकर लावतो आणि ग्रामसभेला जायची वेळ आली की डोकं दुखतं.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते आधी सांगते, कारण सगळ्यांना एकच उत्तर लागू होत नाही. तुझं कॉलेज सरकारी आहे, अनुदानित आहे की चर्चच्या संस्थेचं, हे तू लिहिलेलं नाहीस. राज्यघटनेच्या २८व्या कलमाप्रमाणे पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, आणि मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय प्रार्थनेला बसवता येत नाही, मग ती संस्था पाद्रींची का असेना. २५व्या कलमाने तुला आपला धर्म मानायचं, पाळायचं आणि सांगायचं स्वातंत्र्य आहे. पण कॉलेजच्या आवारात गट म्हणून काही करायचं तर प्राचार्यांची परवानगी लागते, आणि ती तोंडी न घेता लेखी घ्यावी.

दुसरी गोष्ट जास्त नाजूक. तुझं नाव मतदार यादीत कुठे आहे? सावंतवाडी तालुक्यात असेल, तर त्या गावच्या ग्रामसभेची तू सदस्य नाहीस, आणि तिथे उठून बोललीस तर पहिल्याच मिनिटाला "भायली" (बाहेरची) हा शब्द कानावर येईल. विद्यार्थ्याला घरच्या पत्त्यावर किंवा शिकायला राहतो त्या पत्त्यावर, दोहोंपैकी एका ठिकाणी नाव नोंदवता येतं. पण परीक्षा झाल्यावर परत जाणार असशील, तर माझा सल्ला असा की नाव हलवू नकोस. त्या गावच्या मुलांनी बोलावं, तू त्यांचे कागद तयार करून द्यावेत. हे काम दुय्यम वाटेल, पण अशा भांडणांत कागद नीट असलेलीच बाजू शेवटपर्यंत टिकते.

तुझं मराठीपणही इथे आडवं येणार, त्याची तयारी ठेव. गोव्यात मराठी म्हटलं की लोक हिंदू धरतात, आणि ख्रिस्ती म्हटलं की रोमी लिपीतली कोंकणी. मराठीत प्रार्थना करणारी मुलगी दोन्हीकडच्यांना कोड्यात टाकते. मला पहिल्या वर्षी स्टाफरूममध्ये विचारलं होतं, "तुम्ही खऱ्या ख्रिस्ती ना?" फादर थॉमस स्टीफन्स यांनी येशूचं चरित्र मराठी ओव्यांत लिहिलं आणि ते १६१६ साली इथेच, सासष्टीतल्या राशोलला छापलं गेलं, हे मी दर वर्षी वर्गात सांगायचे, अर्ध्या वर्गाला ते खोटं वाटायचं. असो. तू दोन घरांच्या मधल्या उंबऱ्यावर उभी आहेस. त्याचा त्रास होईल, पण दोन्हीकडचं बोलणं तुला ऐकू येईल, आणि टेकडीच्या कामात त्याचाच उपयोग आहे.

कुणाच्या नावाने बोलायचं, हे मी एका चुकीतून शिकले. ती सांगते.

काही वर्षांपूर्वी तुझ्या म्हापशाच्या बार्देश तालुक्यातल्याच एका गावात (नाव नको) झरीच्या वरच्या अंगाला मातीचा भराव टाकायला सुरुवात झाली. झरीचं पाणी वरच्या वाड्यावरच्या हिंदू गावकरांच्या घरांना आणि खालच्या वाड्यावरच्या ख्रिस्ती घरांना दोन्हीकडे लागायचं. पहिली तक्रार वरच्या वाड्यावरच्या बायकांनी केली होती. माझ्या गटातली तीन मुलं खालच्या वाड्यावरची. त्यांनी उत्साहाने निवेदन लिहिलं, मला दाखवलं आणि वर्तमानपत्राला पाठवलं. सुरुवात होती: "आम्ही ख्रिस्ती विद्यार्थी देवाने दिलेल्या सृष्टीच्या रक्षणासाठी..." मी मराठीची बाई. मी त्यातले ऱ्हस्व-दीर्घ तपासले, पहिली ओळ तपासली नाही.

पुढच्या ग्रामसभेत पाण्यावर चर्चाच झाली नाही. भराव टाकणाऱ्याच्या बाजूचा एकजण उठला आणि शांतपणे म्हणाला, "ही इगर्जेची गजाल न्ही?" म्हणजे, ही चर्चची गोष्ट ना? बस्स. वरच्या वाड्यावरच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. त्यापुढच्या बैठकीला त्यांच्यातलं कुणी आलं नाही. सगळ्यांच्या पाण्याचा प्रश्न आम्ही एका ओळीत एका वाड्याचा करून टाकला होता, आणि समोरच्याला काही सिद्ध करावंच लागलं नाही.

असं का होतं, हे सिंधुदुर्गातून आलेल्या माणसाला पटकन कळत नाही. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेप्रमाणे ख्रिस्ती एक टक्काही नाहीत. आपण काही बोललो तर त्यात कुणी मतं मोजत नाही. गोव्यात त्याच जनगणनेत पंचवीस टक्के आहेत. इथे "आम्ही ख्रिस्ती" म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोक्यात आधी मतदारसंघ उभा राहतो, मुद्दा मागून येतो.

सावरायला आम्हाला आठ महिने लागले. निवेदन बंद केलं, वही घेतली. कुठल्या घरात कुठल्या महिन्यात किती कळशा पाणी येतं, कुठल्या विहिरीचा तळ एप्रिलात दिसतो, हे घरोघरी जाऊन लिहिलं. वरच्या वाड्यावर पहिल्या दोन खेपांना आम्हाला पाणीही विचारलं नाही. तिसऱ्या खेपेला चहा आला. शेवटी अर्ज गेला तो एकाच कागदावर, दोन्ही वाड्यांच्या सह्या अकारविल्हे लावून, आडनावांनी वाडे वेगळे पडू नयेत म्हणून पहिल्या नावांच्या क्रमाने. भराव अर्धा निघाला. अर्धा अजून तिथेच आहे.

त्या वहीवाल्या मुलांपैकी एकाला मी विचारलं होतं, एवढ्या वेळा हाकलल्यावर परत का जातोस? तो म्हणाला, "मिस्सेला (रविवारच्या उपासनेला) जातो ना टीचर, मग इथे नको कसा?" माझ्या लेखी त्या कामातली श्रद्धा तिथे होती, निवेदनाच्या पहिल्या ओळीत नव्हती.

तेव्हापासून मी मुलांना सांगत आले की बळ आपलं असू दे, कारण सगळ्यांचं असू दे. तू टेकडीसाठी का झटतेस हे तुझ्या आणि देवाच्या मधलं. ती टेकडी का कापू नये याचं कारण मात्र असं हवं, की जे येशूला मानत नाहीत त्यांनाही ते तपासून बघता येईल. मोलेच्या जंगलाचंच बघ. रेल्वेचं दुपदरीकरण, महामार्गाचं रुंदीकरण आणि उच्च दाबाची वीजवाहिनी, असे तीन प्रकल्प अभयारण्यातून जाणार होते. नोव्हेंबर २०२० मध्ये चांदोरला लोक रात्री रुळांवर जाऊन बसले. त्यात ख्रिस्ती होते, हिंदू होते, मुसलमानही होते. विद्यार्थी भरपूर होते. कित्येकांच्या मागे मोठी श्रद्धा असेल, आणि पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली सृष्टीच्या रक्षणावर काढलेलं परिपत्रकही काहींनी वाचलेलं असेल. पण मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुपदरीकरणाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली, ती जंगलाचं नुकसान आणि प्रकल्पाची गरज यांचा हिशेब तपासून. त्याआधी सत्तरच्या दशकात रापणकारांच्या, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांच्या, लढ्यात माथानी साल्ढाणा या शाळामास्तरांनी मागणं मांडलं ते ट्रॉलरनी किनाऱ्यापासून किती लांब राहावं याचं. त्यातून १९८० चा सागरी मासेमारीचा कायदा आला. मासे पकडणारा कुठे गुडघे टेकतो, हे त्यात कुणाला विचारावं लागलं नाही.

म्हणून तुमच्या टेकडीचं आधी एवढं करा. नगरनियोजन कायद्यातल्या १७-अ कलमाप्रमाणे परवानगीशिवाय डोंगर कापता येत नाही आणि सखल जमीन भरता येत नाही. सर्व्हे क्रमांक शोधा. दहा रुपये भरून माहितीच्या अधिकारात विचारा: या क्रमांकाला परवानगी दिली आहे का, केव्हा, किती क्षेत्रासाठी. उत्तराची मुदत तीस दिवस. दरम्यान रोज एकाच जागेवरून, एकाच वेळी फोटो काढा. घोषणा त्यानंतर.

युवासंघाला काय सांगायचं? त्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. ख्रिस्ती माणसाने सार्वजनिक प्रश्नावर गप्प बसावं असं चर्चची शिकवण कुठेच म्हणत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपासून तर सामान्य भाविकांनी जगाच्या कामात उतरावं हे स्पष्टच आहे. पण चर्चच्या वतीने बोलायला चर्चची माणसं आहेत. महाधर्मप्रांताची सामाजिक न्याय आणि शांती परिषद आहे, ती बोलतेही. एकवीस वर्षांच्या मुलीने सगळ्या ख्रिस्ती समाजाच्या वतीने बोलायचं ठरवलं तर तिला ते कुणी सोपवलं, हा प्रश्न आपल्याच लोकांनी विचारायला हवा. तू स्वतःच्या नावाने बोल. कुणी विचारलं, "तू एवढं का करतेस?" तर सरळ सांग: "माझी श्रद्धा मला हे शिकवते." लपवायचं काहीच कारण नाही. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आणि न विचारता केलेली घोषणा, या दोहोंना लोक वेगवेगळ्या कानांनी ऐकतात.

निवडणुकीचं पटकन सांगते, कारण तिथे नियमच बरंच काम करतात. लिंगडोह समितीच्या ज्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली लागू केल्या, त्यांत जात-धर्माच्या नावाने मत मागायला मनाई आहे आणि प्रार्थनास्थळ प्रचाराला वापरायलाही. छापील पोस्टर नको, हाताने केलेले हवेत. खर्च पाच हजारांच्या आत. हजेरी पंचाहत्तर टक्के. म्हणजे मिस्सा संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर उभं राहून "मला मत द्या" हे नाही. युवासंघाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर "आपली माणूस" असा संदेश कुणी टाकला, तर तो काढायला तूच सांग, आणि त्याच गटावर सांग. त्याने चार मतं जातील. जाऊ देत.

ज्यावर मुलं सगळ्यात जास्त घसरतात ती गोष्ट मात्र वेगळीच आहे: सेवा. तुमचा गट वस्तीतल्या मुलांना शिकवायला जातो असं तू ओझरतं लिहिलं आहेस, म्हणून सांगते.

ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. विधवा मुलींना तिथे आपला धर्म पाळायची मोकळीक होती, आणि त्या भरवशावरच रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार मंडळात होती. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करायच्या, दार उघडं असायचं, काही मुली येऊन बसू लागल्या. १८९३ साली त्यावरून वादळ उठलं, सल्लागार बाजूला झाले, कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. मी हे वर्गात शिकवताना मुलं दोन बाजूंना वाटली जायची. माझं स्वतःचं मत असं की रमाबाईंनी दार लावून घ्यावं असं म्हणणं अन्यायाचं होतं. ते त्यांचं घर होतं, आणि ज्या मुलींना बाहेर कुणी थारा देत नव्हतं त्यांना त्यांनी दिला. पण आसरा देणारा आणि घेणारा यांच्यात दार उघडं असणं आणि दोन मैत्रिणींमध्ये दार उघडं असणं, या सारख्या गोष्टी नाहीत. तुमच्याकडे गणित शिकायला येणारी आठ वर्षांची मुलगी तुमच्याबरोबर डोळे मिटते, तेव्हा ती श्रद्धेने मिटते की ताईला आवडेल म्हणून, हे तुलाच काय, तिलाही कळत नाही. म्हणून शिकवणीच्या तासाला प्रार्थना नको. बिस्किटं वाटताना स्तोत्र नको. आपली प्रार्थना निघण्याआधी, आपल्यातल्या आपल्यात करा. आणि त्या मुलीच्या आईने कधी विचारलंच, तर आईशी बोला, मुलीशी नको.

गट कसा चालवावा हेही विचारलं आहेस. कामगार तरुणांमध्ये काम करणाऱ्या कार्डाइन नावाच्या बेल्जियन पाद्रींनी एक पद्धत रूढ केली: पाहा, पारखा, करा. १९६१ साली पोप तेविसाव्या जॉन यांनी परिपत्रकात ती उचलून धरली. १९२४ पासून चालत आलेल्या आयकफ या कॅथलिक विद्यार्थी संघटनेतून आलेल्या एका सहकाऱ्याने ती मला शिकवली. ऐकायला सोपी आहे, पण मुलांना थेट तिसऱ्या शब्दावर उडी मारायची असते. आमच्या गटात नियम होता: पाच शुक्रवार नुसतं पाहायचं. पाणी कुठून येतं, जमीन कुणाची, कुणाला काम मिळणार, कुणाचं जाणार. टेकडी कापणाऱ्या यंत्रावर बसलेल्या झारखंडच्या पोराशीही बोलायचं. सहाव्या शुक्रवारी शुभवर्तमान उघडायचं. आधी उघडलं तर आपल्याला हवं तेच त्यात सापडतं, हा अनुभव आहे. आणि गटात निदान दोघं तरी ख्रिस्ती नसलेली असावीत, ती "आमेन" म्हणणार नाहीत, पण "हे कशावरून?" असं विचारतील.

एक कडवट गोष्टही लिहिते. तुमच्या गटातल्या किती जणांचं पुढच्या जूनला स्विंडनला किंवा लंडनला जायचं ठरलं आहे, ते आधीच विचारून घे. जाणाऱ्याला दोष नाही. माझा भाचाही तिथेच आहे. पण माहिती अधिकाराच्या अर्जावर जाणाऱ्याचं नाव घातलं, तर पहिलं अपील करायची वेळ येते तेव्हा अर्जदार विमानात असतो. नाव राहणाऱ्याचं घाला. आणि रस्ता अडवणं, यंत्रासमोर झोपणं असा विषय निघाला, तर शेवटच्या वर्षाच्या मुलांनी आधी घरी सांगावं. पोलिसांत नाव गेलं की ते नोकरीच्या पडताळणीत परत वर येतं. माझ्या एका विद्यार्थ्याच्या आईला ते बाहेरून कळलं होतं, आणि ती मला काही बोलली नाही, हे मला अजून लागून आहे.

आता क्रूस. रोज घालत असशील तर काढू नकोस. म्हापशाच्या मिलाग्र सायबिणीच्या फेस्ताला जिथे हिंदू शेजारणी तेवढ्याच श्रद्धेने येतात, तिथे तुझ्या गळ्यातल्या क्रूसाने कुणी दचकणार नाही, आणि एखादा दचकलाच तर तो काढल्यानेही दचकायचा थांबणार नाही. फक्त पत्रात तू लिहिलं आहेस की युवासंघाने भेट दिलेला मोठा लाकडी क्रूस आहे, तो घालू का. तो प्रचार संपल्यावर घाल. आईने पहिल्या ख्रिस्तप्रसादाला घातलेला जो छोटा आहे म्हणतेस, तोच राहू दे.